साळा-भाऊजींची पार्टनरशिप टिकते का? (निमित्त: बास्किन-रॉबिन्सचे अर्व रॉबिन्स)

इतवारीकर

"सोयऱ्यासंगं धंदा करू नये, धंदाही जाते अन् सोयराही जाते." नागपूरच्या इतवारी बाजारात कोणत्याही गादीवर घटकाभर बसा, हे ऐकायला मिळतंच. म्हणून आज अशा माणसाबद्दल लिहितोय, ज्यानं सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यासोबत धंदा केला आणि ती भागीदारी शेवटपर्यंत निभावली. गुलाबी चमचेवाल्या बास्किन-रॉबिन्स या अमेरिकी आइस्क्रीम कंपनीतला रॉबिन्स. पूर्ण नाव अर्व्हिन, पण सगळे अर्व म्हणायचे.

जन्म ६ डिसेंबर १९१७, कॅनडातल्या विनिपेगचा. वाढला अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा गावात. वडिलांचा दुधाचा धंदा आणि जोडीला आइस्क्रीमचं दुकान. पोरगा शाळेच्या वयापासून गल्ल्यामागे. पुढे आयुष्यभर तो एकच सांगायचा: या दुकानात कोणी कपाळाला आठ्या घालून येत नाही, आणि त्यामुळे विकणाराही संध्याकाळी खुशीत घरी जातो. किराणा, कापड, औषधं विकणाऱ्यांनी आपापल्या गिऱ्हाइकांचे चेहरे आठवून बघावेत.

१९३९ साली राज्यशास्त्रात पदवी घेतली, मग युद्ध आलं, सैन्यात गेला. परतल्यावर लॉस एंजेलिसजवळ ग्लेंडेलला ७ डिसेंबर १९४५ रोजी, म्हणजे अठ्ठाविसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 'स्नोबर्ड' नावाचं दुकान टाकलं. भांडवलात एक विमा पॉलिसी मोडल्याचा पैसा होता. ज्यू मुलांचा तेराव्या वर्षी बार मिट्झ्वा हा धार्मिक विधी होतो, त्या वेळी वडिलांनी काढून दिलेली पॉलिसी. दुकानात पहिल्याच दिवशी २१ चवी. त्या काळात आइस्क्रीम मिळायचं ते औषधाच्या दुकानातल्या सोडा फाउंटनवर, सँडविचसोबत, आणि चवी म्हणाल तर व्हॅनिला, चॉकलेट, स्ट्रॉबेरी. हा म्हणाला, सँडविच नाही, सोडा नाही, फक्त आइस्क्रीम.

आता भाऊजी. बर्ट बास्किन, अर्वपेक्षा चार वर्षांनी मोठा, इलिनॉयचा, शिकागोत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान चालवायचा. १९४२ मध्ये अर्वच्या बहिणीशी, शर्लीशी लग्न. युद्धात नौदलातर्फे पॅसिफिकमधल्या न्यू हेब्रिडीज बेटांवर (आजचं वानुआतू). तिथं या पठ्ठ्यानं एका विमानवाहू जहाजाच्या लोकांना जीप देऊन बदल्यात आइस्क्रीमचं यंत्र मिळवलं, आणि बेटावरची फळं घालून सैनिकांना आइस्क्रीम खाऊ घातलं. सरकारी जीप अशी देता येते का, हा प्रश्न मला पडला. त्यांना पडला नसावा.

युद्ध संपल्यावर बर्ट परत कपडे विकायच्या बेतात होता. अर्वनं त्याला आइस्क्रीमकडे ओढलं. पण दोघांनी भागीदारी केली नाही, आणि माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. अर्वच्या वडिलांनी बजावलं होतं की आत्ताच एकत्र आलात तर नातं सांभाळण्यासाठी दोघंही आपापल्या कल्पनांना मुरड घालाल. आधी वेगळे उभे राहा. म्हणून १९४६ मध्ये बर्टनं पॅसडीनाला 'बर्टन्स' नावाचं वेगळं दुकान काढलं. दोन पाट्या, दोन गल्ले. अर्व एका बाजूनं वाढला, बर्ट दुसऱ्या बाजूनं.

दुकानं वाढली तशी दोघांनाही एकच अडचण जाणवली. ज्या दुकानात स्वतः उभे असतो ते चकाचक, जिथं पगारी मॅनेजर तिथं कळा गेलेली. १९४८ मध्ये त्यांनी दुकानं त्या मॅनेजरांनाच विकायला काढली. आइस्क्रीम आमचं, दुकान तुमचं. आज ज्याला फ्रँचायझी म्हणतात तो प्रकार. अर्व पुढे सांगायचा की आम्ही हे करत होतो तेव्हा तो शब्दही रुळलेला नव्हता. १९४९ मध्ये बरबँकला स्वतःची डेअरी घेतली. १९५३ मध्ये दोन्ही पाट्या उतरवून एक केली. नाव आधी कोणाचं, यासाठी नाणं उडवलं असं सांगतात, बास्किन जिंकला.

१९६७ मध्ये त्यांनी कंपनी युनायटेड फ्रूट या केळीवाल्या बड्या कंपनीला विकली, सुमारे सव्वा कोटी डॉलरला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला बर्ट हृदयविकारानं गेला. वय ५४. अर्व १९७८ पर्यंत कामात राहिला आणि ५ मे २००८ रोजी, नव्वदीत, कॅलिफोर्नियातच वारला.

मला वाटतं, चवी ही दर्शनी बाजू. ही जोडी टिकली ती सासऱ्याच्या त्या एका सल्ल्यामुळे. इथले धंदेवाले, हिशेबवाले आणि ज्यांचे साळे आहेत असे सगळे, बोला.

---

तर्रीपोहे

वाचून राहिलो. मे महिन्यात दुपारी एक वाजता हा धागा काढणं म्हणजे छळ आहे, भाऊ. कूलरमधलं पाणीही गरम झालंय इथं.

---

नवतपा

लेख छान, पण "चवी ही दर्शनी बाजू" हे पटलं नाही. धंदाच दर्शनी बाजूवर चालला की! आणि बास्किन-रॉबिन्सच्या '३१ चवीं'मधला ३१ हा आकडा दोघांच्या डोक्यातला नव्हे, १९५३ मध्ये कार्सन-रॉबर्ट्स या जाहिरात संस्थेनं दिलेला. महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक चव. गुलाबी-तपकिरी ठिपकेही त्यांचेच. जपानमध्ये तर लोक त्या दुकानाला नुसतं 'थर्टी वन' म्हणतात, दोघांचीही नावं गायब!

मात्र अर्वचं डोकं या बाबतीत भन्नाट चालायचं हे खरं. १९६४ मध्ये बीटल्स हा ब्रिटिश बँड अमेरिकेला यायचा होता. एका पत्रकारानं विचारलं, त्यांच्यासाठी कोणती चव काढताय? काहीही तयार नव्हतं. हा फोनवर ठोकून मोकळा, "बीटल नट!" (सुपारीच्या इंग्रजी नावावर कोटी.) मग पाच दिवसांत ती चव खरोखर बनवून दुकानांत पोचवली. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा 'लूनार चीजकेक'. आणि तो गुलाबी चमचा फुकट चव बघायला असतो. ३१ डबे समोर दिसल्यावर माणूस गोंधळतो आणि शेवटी व्हॅनिलाच घेऊन जातो. हातात चमचा दिला की धीर येतो.

---

तर्रीपोहे

टोमॅटो केचपच्या चवीचंही आइस्क्रीम केलं होतं म्हणे यांनी?

---

नवतपा

हो, केलं होतं. खारवलेला सामन मासा आणि बेगल पाव अशीही एक चव होती. नाही चालल्या. आता इथं कोणी सावजी आइस्क्रीम सुचवायच्या आत विषय बदला.

---

डीप_फ्रीजर

माझं पार्लर आहे मानेवाडा रोडकडे, तर दोन शब्द.

इतवारीकर भाऊ, मॅनेजरले दुकान विकाची गोष्ट एकदम बरोबर पकडली तुम्ही. सांगतो काऊन. आइस्क्रीमचा नफा स्कूपमधे आहे. डब्यात मधात खड्डा करून काढलं तर कडेचं आइस्क्रीम उघडं पडते, सुकते, त्याच्यावर बर्फ धरते, अन् रात्री ते फेकाच लागते. वरून, कडेकडेनं, सारख्या थरात ओढत आणलं तर गोळा आतून गोल होते, दिसाले मोठा अन् वजनाले बरोबर. दाबून भरला का गेला नफा. हे पोट्ट्याले शिकवलं तर दोन दिवस करते. तिसऱ्या दिवशी मी नसलो का खड्डा तयार. दुकान त्याचं असतं तर खड्डा पडलाच नसता.

दुसरं टेंपरेचर. मागच्या फ्रीजरमधे उणे अठरा, नाहीतर त्याच्याई खाली. समोरच्या काचेच्या पेटीत उणे तेरा-चौदा, नाहीतर स्कूप आत जात नाही. आता मे महिना, बाहेर पंचेचाळीस, अन् लाइट गेली. माल थोडा नरम पडते, लाइट आल्यावर परत कडक होते. पण आता त्याच्यात बर्फाचे मोठे खडे. गिऱ्हाईक म्हणते "जुना माल देता का?" माल जुना नाही बाप्पा, लाइट गेलती!

मीही आधी एका कंपनीची फ्रँचायझी घेतली होती. नाव नाही सांगत. फ्रीजर त्यांचा, त्याच्यात दुसऱ्याचा माल ठेवाचा नाही, अन् तो बिघडला तर मेकॅनिक येते चार दिवसानं. ऐन लग्नसराईत सगळा माल वितळला. भरपाई विचारली तं करारातलं कलम दाखवलं. तेव्हा "आइस्क्रीम आमचं, दुकान तुमचं" याच्यात वितळलेलं कोणाचं, हेही अर्वभाऊनं लिहून ठेवाले पायजे होतं.

---

मृण्मयी

@डीप_फ्रीजर, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं!

मला या गोष्टीत अर्वपेक्षा त्याच्या मुलात जास्त रस आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही. जॉन रॉबिन्स, जन्म १९४७. घरी आइस्क्रीम कोनाच्या आकाराचा पोहण्याचा तलाव, नावेचं नाव 'बत्तिसावी चव', पाळलेल्या मांजरांची नावं चवींवरून. वडिलांचं सगळं त्याच्याकडेच यायचं होतं. पोरानं सांगितलं, नको. बायकोला घेऊन कॅनडाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर एका खोलीच्या लाकडी झोपडीत राहिला, भाजी पिकवून. १९८७ मध्ये मांस आणि दुग्धव्यवसायावर टीका करणारं पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेत गाजलं.

बर्टकाकांच्या मृत्यूनंतर त्यानं वडिलांना विचारलं होतं, इतकं आइस्क्रीम खाण्याचा याच्याशी काही संबंध असेल का? वडील म्हणाले, नाही, त्याचं हृदय दमलं आणि थांबलं. जॉननंच हे लिहून ठेवलंय. तो पुढे म्हणतो की वडिलांना 'हो' म्हणणं परवडणारंच नव्हतं.

आणि पुढचा भाग त्याहून वरचढ. बऱ्याच वर्षांनी अर्वचंच कोलेस्टेरॉल आणि साखर वाढली, आणि त्याच्या डॉक्टरांनी त्याला वाचायला दिलं ते पोराचं पुस्तक. त्यानं खाणं बदललं, तब्येत सुधारली. आइस्क्रीमवालाच नव्वदीपर्यंत जगला.

तेव्हा साळा-भाऊजी टिकले हे खरं, पण बाप-लेक? त्यावर इतवारीत काय म्हण आहे?

---

गोळीऔषध

मृण्मयी, गोष्ट म्हणून उत्तम. पण एका माणसाच्या हृदयविकाराचं खापर एका पदार्थावर फोडता येत नाही. १९६७ मध्ये रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर आजच्यासारखी औषधं नव्हती, कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन १९८७ मध्ये बाजारात आलं. बर्टचं वजन बरंच होतं हे जॉननंही लिहिलंय. आइस्क्रीममध्ये दुधाचं स्निग्ध आणि साखर दोन्ही भरपूर, तेव्हा रोजचे दोन-तीन वाडगे कोणालाही झेपणार नाहीत. रविवारी फुटाळा तलावावर एक कोन खाल्ला म्हणून कोणी मला फोन करू नये.

---

इतवारीकर

मृण्मयी, मुद्दाम वगळलं होतं, कारण तो एका वेगळ्या धाग्याचा विषय आहे. पण तुम्ही काढलाच आहे तर सांगतो, मला बापाचंही वाईट वाटतं. ज्यानं भाऊजीला एका जागी ओढून आणलं त्याला पोराला ओढता आलं नाही. फरक एवढाच की बर्टला स्वतःचं दुकान, स्वतःची पाटी काढू दिली होती. पोराला आयती गादी दाखवली. आपल्याकडेही गादीवर बसायला नकार देणारी पोरं आता पुण्याला आणि बंगळुरूलाच सापडतात.

---

महालातली

बाकी सगळं राहू द्या, नागपूरच्या धाग्यावर आइस्क्रीम आणि दिनशॉजचं नाव नाही? दिनशॉ आणि एरचशॉ राणा, दोघे पारशी भाऊ. १९३२ साली इथंच दुधाचा धंदा सुरू केला आणि मग आइस्क्रीमकडे वळले. अर्वच्या स्नोबर्डच्या तेरा वर्षं आधी! तेही घरचेच दोघं, तेही आधी दूध मग आइस्क्रीम. आमच्या लहानपणी लग्नात त्याच्या विटा यायच्या, पुठ्ठ्याचं खोकं उघडून सुरीनं काप करायचे. पंगत उठायच्या आधी कडा वितळून ताटलीत दूध व्हायचं आणि आम्ही ते पिऊन टाकायचो. त्याला ३१ चवींची सर नाही.

आणि मुंबईचे रघुनंदन कामथ घ्या, नॅचरल्सवाले. मंगळूरकडच्या फळविक्रेत्याचा मुलगा, भावाच्या हॉटेलात काम केलं, मग १९८४ मध्ये जुहूला स्वतःचं दुकान. लोक यावेत म्हणून आधी पावभाजी विकली आणि जोडीला आइस्क्रीम. अर्वनं सँडविच काढून टाकलं, यांनी पावभाजी ठेवून सुरुवात केली. दोघंही पोचले!

---

तर्रीपोहे

पावभाजीवर आइस्क्रीम हा जास्त शहाणपणाचा धंदा वाटतो. तिखट खाऊन माणूस स्वतःहूनच गारव्याकडे धावते.

---

कोरडवाहू

एक बाळबोध प्रश्न. एक लिटरचा डबा काट्यावर ठेवला तर अर्धा-पाऊण किलोच भरतो. ही फसवणूक नाही का? अर्वभाऊ हवा विकून मोठे झाले?

---

डीप_फ्रीजर

हवा असतेच, भाऊ. नसली तर चमचा घुसणार नाही, दगड होईल. मशीनमधे थंड होताना फेटतात तेव्हा हवा भरते, त्याले ओव्हररन म्हणतात. एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आइस्क्रीम झालं तं शंभर टक्के ओव्हररन. पण कायद्यात मर्यादा आहे. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याच्या, नियमात लिटरमागे वजन ५२५ ग्रॅमच्या खाली नको अन् दुधाचं फॅट कमीत कमी १० टक्के. वनस्पती तेलाचं असलं तं डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहाच लागते. डबा घेताना बारीक अक्षरं वाचा. हातात डबा वजनदार लागला का समजा हवा कमी, भाव जास्त.

---

ताळेबंद

चार्टर्ड अकाउंटंट म्हणून तोंड उघडतोय, बिल पाठवणार नाही.

महालातलींनी १९३२ म्हटलं म्हणून आठवलं, आपला भागीदारी कायदाही १९३२चाच. त्यात कलम ४२ आहे. करारात वेगळं लिहिलं नसेल तर एक भागीदार वारल्यावर भागीदारी संस्था आपोआप विसर्जित होते. बर्ट बास्किन कंपनी विकल्यानंतर काही महिन्यांत गेला. समजा विक्रीच्या आधीच गेला असता, आणि हे दोघे इतवारीतले असते, करार तोंडी असता. मग एका बाजूला अर्व, दुसऱ्या बाजूला त्याचीच विधवा बहीण, आणि मध्ये वकील. नातं तिथं तुटतं, भांडणानं नव्हे. माझ्याकडे येणारी निम्मी कौटुंबिक प्रकरणं अशीच असतात: दोन सज्जन माणसं, शून्य कागद.

इतवारीकरांचा सासऱ्याचा सल्ला मला पटतो, पण हिशेबाच्या कारणानं. सुरुवातीला दोघांचे गल्ले वेगळे होते. एकत्र येताना कोणाची किती दुकानं, किती विक्री हे कागदावर होतं. वाटा ठरवायला भावना मध्ये आणाव्या लागल्या नाहीत.

---

नवतपा

ताळेबंद यांच्या प्रतिसादानंतर माझा चवींचा मुद्दा एकदम फिका पडला. तरी मागे घेत नाही.

---

डीप_फ्रीजर

ताळेबंद साहेब, मग सरळच विचारतो. माझा साळा मागं लागला आहे. पोरगं चांगलं आहे, मेहनती आहे, म्हणते "भाऊजी, पैसे मी टाकतो, आपण बेसा रोडले दुसरं पार्लर काढू, अर्धं-अर्धं." जीएसटीही सप्टेंबर २०२५ मधे १८ वरून ५ वर आला आइस्क्रीमवरचा, त्याले वाटते हाच टाइम आहे. बायको म्हणते हो म्हणा. मी तेव्हापासून चूप आहे.

---

ताळेबंद

बेसाचं दुकान पूर्ण त्याच्या नावावर काढा. लायसन्स त्याचं, फ्रीजर त्याचा, लाइट बिल त्याचं. माल तुम्ही घाऊक भावात द्या, रीतसर बिलानं, आणि स्कूप मारायला तुम्हीच शिकवा. वितळलेला माल कोणाचा, ते पहिल्या कलमात लिहा. दोन-तीन उन्हाळे जाऊ द्या, मग माझ्याकडे दोघंही या.

---

डीप_फ्रीजर

हे बायकोले कोण सांगन?

---

महालातली

हा धागाच वाचायला द्या त्यांना. फक्त बीटल नटपर्यंतच नको, पूर्ण.

---

तर्रीपोहे

अन् बेसाच्या दुकानात संत्र्याचं ठेवा, डब्यातल्या रसाचं नको, काटोलच्या खऱ्या फोडी टाकून. उद्घाटनाले पूर्ण धागा येते. गुलाबी चमचे आम्हीच आणतो.